प्लास्टरात अडकलेली होडी

तर कप्तान पोट धरून हसत होता, तिथपर्यंत आपण आलो होतो. हातातला चहा बशीत सांडला, बशीतला विजारीवर सांडला, तरी गड्याचं हसू थांबेना. आणि हसणार नाही तर काय करील? समोर टेबलावर त्याच्या भाऊजींनी होडीचा अख्खा सांगाडा पांढऱ्याशुभ्र प्लास्टरात गाडून ठेवला होता. नाक तेवढं बाहेर. पाय मोडून खाटेवर पडलेल्या माणसाचा अंगठा जसा बाहेर दिसतो ना, अगदी तसं.

नवीन येऊन बसलेल्यांसाठी थोडं मागे जातो. भाऊजी म्हणजे आपले प्लास्टरमास्तर. इस्पितळातल्या प्लास्टरच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी झाली. मोडलेलं हाड डॉक्टर बसवत, पण बसवलेलं हाड जागचं हलू न देणं हे काम मास्तरांचं. अर्ध्याअधिक गावाच्या हातापायांवरून त्यांचा हात फिरलेला. त्यामुळे माणसं त्यांना तोंडावरून आठवत नसत, हाडावरून आठवत. रस्त्यात कुणी नमस्कार केला, की बायको हळूच विचारायची, कोण हो हे? मास्तर सांगायचे, "उजवं मनगट. फार रडला होता."

कप्तान हा मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडता फाडता निवृत्त झाला. बोटीत पाय टाकला की याच्या पोटात ढवळतं, पण धक्क्यावर उभा राहायचा तो असा, की बोट याच्याच हुकमावर सुटते आहे. लोकांनीच त्याला कप्तान करून टाकलं, आणि त्यानेही ती बढती आनंदाने घेतली.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या हातांना काही सुचेना. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग झाकणाच्या रंगाप्रमाणे लावले. मीठ कुठे आणि साखर कुठे हे शोधता शोधता बायको रडकुंडीला आली. तिने लेकीला फोन केला, की तुझ्या बापाला कसल्या तरी कामाला जुंप. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिने एक खोकं पाठवून दिलं. खोक्यावर शिडाच्या होडीचं देखणं चित्र, आणि आत म्हणाल तर सरपणाच्या काड्या! एक लांब कणा, त्याला बसवायच्या बरगड्या, आणि त्यांच्यावर वाकवून चिकटवायच्या पातळ पट्ट्यांचा भारा.

खोकं आलं त्या दिवशी कप्तान मास्तरांकडे आला होता. त्याच्याकडे दुकानातून आणलेली तयार होडी. बागेतल्या तळ्यावर निवृत्त मंडळी रविवारी होड्या सोडतात, त्यात याचा तोरा मोठा. त्याने खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, चालत्या माणसाला आडवं पाडून ठेवण्यात तुमचा जन्म गेला. तुमच्या हातची वस्तू कधी पुढे जाणार आहे होय?"

चेष्टाच होती. पण मास्तरांच्या वर्मी लागली. नोकरी सुटल्यापासून रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ते स्वतःचे हात बघत आणि नेमकं हेच विचारत, की आता यांचा उपयोग काय? मास्तर कधी पैज न घेणारा माणूस. त्या दिवशी म्हणाले, माझी होडी तळ्याच्या या काठावरून सोडीन ती सरळ पलीकडच्या पायरीला लागेल. कप्तानने हात पुढे केला. तसं झालं तर तुमची होडी डोक्यावर घेऊन भर बाजारातून घरी आणतो, म्हणाला. टाळी झाली. बायको आतून म्हणाली, दोघांनाही कामं नाहीत.

आता यात मेख काय आहे ते बघा. पट्टी भिजवून वाकवून चिकटवली, की ती सुकेपर्यंत सांगाड्याला ओढत राहते. एवढ्या वेळात सांगाडा केसभर जरी पिळला, तर होडी जन्माची वाकडी. पाण्यात सोडली की सरळ जायची नाही, गोल गोल फिरेल. म्हणजे सगळी कमाल धरण्यात. मास्तरांनी होडी गुडघ्यांत धरली, तर शिंक आली आणि पट्टी निसटली. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, तर ती साळिंदरासारखी दिसू लागली, आणि चिमट्यांच्याच वजनाने कलंडली. तांदळाच्या डब्यात रोवून पाहिली. ती सावकाश, झोप लागल्यासारखी, कुशीवर वळली. त्या दिवशी भातात काड्या निघाल्या, त्यावरून बायको काय बोलली ते राहू दे.

शेवटी मास्तर वैतागले. म्हणाले, आयुष्यभर मी लोकांचे पाय जागच्या जागी ठेवले, ही बोटभर लाकडं मला नाचवतात? आणि जुनं कपाट उघडून त्यांनी प्लास्टरच्या पट्ट्या काढल्या, पाण्यात बुडवल्या, आणि गरागरा, हातांना सवयच ती, होडी तळापासून कडेपर्यंत गुंडाळून टाकली. बसल्या बसल्या प्लास्टर सुकलं. मास्तरांनी टेबल हलवून पाहिलं. होडी ढिम्म. बायकोला हाक मारली, मेहुण्याला चहाला बोलावलं, बघा म्हणाले, आता हलते का.

बायकोने टेबलाभोवती एक फेरी मारली आणि साधा प्रश्न विचारला. "अहो, पण आता पट्ट्या कुठे चिकटवायच्या?"

कप्तान हसायला लागला तो इथे. कारण लाकडाच्या पट्ट्या चिकटवायच्या त्या होडीच्या पोटावर, आणि पोट तर सगळं प्लास्टरात. त्यात आणखी एक गंमत. प्लास्टरच्या आधी कापूस, हा धडा मास्तरांनी हाताखालच्या कितीतरी माणसांना घोकून घोकून शिकवलेला. लाकडाला काय दुखतंय म्हणून इथे कापसालाच सुट्टी दिली होती. प्लास्टर बरगड्यांना घट्ट धरून बसलेलं.

कप्तान डोळे पुसत घरी गेला. मास्तरांनी निरोपसमारंभात भेट मिळालेली प्लास्टर कापायची कात्री काढली. दुसऱ्यांचं प्लास्टर कापताना ते गाणं गुणगुणत. आज हात जड झाला. बायकोने दोन्ही बाजूंनी होडी धरली आणि म्हणाली, घाबरू नका, मुंगी चावल्याएवढंसुद्धा कळणार नाही. हे मास्तरांचंच वाक्य, सगळ्या रोग्यांना ठरलेलं. मास्तरांना हसू फुटलं, आणि हसताना कात्री जरा तिरकी गेली. कट्ट. एक बरगडी मोडली.

पण गंमत बघा, बरगडी मोडली आणि मास्तर एकदम शांत झाले. मोडलेलं हाड समोर आलं ना! आता काय करायचं ते त्यांना झोपेतही ठाऊक. दोन्ही बाजूंना आगपेटीची काडी, वर दोऱ्याचे वेढे, त्यावर गोंदाचा थेंब. बांधता बांधता त्यांच्या ध्यानात आलं, की पाठीला मार लागलेल्या माणसाला आपण उताणं ठेवून पाठ कशी बघू? पालथंच घालतो की. मग होडी इतके दिवस उताणी का ठेवली आहे?

होडी पालथी केली. वरच्या कडेला आधी कापसाची गादी, मग प्लास्टिकचा कागद, मग प्लास्टर. तेही गुंडाळायचं नाही, नुसतं पन्हाळीसारखं खालून. सुकल्यावर उचलली तर होडी अलगद वर आली, परत ठेवली तर अलगद बसली. पोट सगळं मोकळं. मास्तर एक पट्टी डाव्या अंगाला लावत, एक उजव्या, म्हणजे कुठल्याच बाजूची ओढ जास्त होणार नाही. बायको समोर बसून शेंगा सोलत होती. मध्येच तिचं लक्ष गेलं. ओल्या पट्टीवर यांची बोटं रुतत होती आणि खळगे पडत होते.

"अहो, बोटं काढा," ती म्हणाली. "तळहात. आयुष्यभर ओरडत होता ना लोकांवर, बोटांनी धरलं की व्रण उठतो म्हणून?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं घरी येऊन दवाखान्याची बडबड करायचो, ती ही ऐकत होती तर! त्यांनी बोटं उचलली आणि तळहात टेकवला. तिनेही शेंगा बाजूला सारल्या, हात पदराला पुसले आणि दुसऱ्या बाजूला आपला तळहात लावला. पोट पुरं होईपर्यंत रोज संध्याकाळी दोघं तशी समोरासमोर बसलेली असायची, मध्ये होडी.

रविवारी तळ्यावर ही गर्दी. बातमी कप्ताननेच पसरवली होती, प्लास्टरातल्या होडीची. बागेचा रखवालदार पलीकडच्या पायरीवर पंच म्हणून उभा राहिला. मास्तरांनी त्याला लांबून ओळखलं. "डावी नडगी," बायकोला म्हणाले. "चांगली जुळली आहे."

मास्तरांनी होडी पाण्यावर ठेवली, शीड लावलं, आणि प्लास्टर काढलेल्या प्रत्येक माणसाला जे म्हणायचे तेच पुटपुटले, की आता चालून दाखव. हात काढून घेतले. होडी जराशी डुलली. मग तिचं नाक डावीकडे वळलं. कप्तानने तोंड उघडलं. मास्तरांचे हात आपोआप पुढे झाले, तर बायकोने त्यांची बाही धरली. तेवढ्यात मागून वाऱ्याची झुळूक आली, शीड फुगलं, नाक सरळ झालं. आणि मग काय विचारता! दोरी आखून दिल्यासारखी निघाली. कप्तानने आधीच सोडलेली तयार होडी कुठल्याशा शेवाळात अडकली होती, तिला ओलांडून गेली, बदकं बाजूला झाली, आणि समोरच्या पायरीला लागली. टक. तो टक या काठाला ऐकू आला, असं बायको अजून सांगते. रखवालदाराने डावा पाय आपटून सलाम ठोकला. टाळ्या पडल्या. मास्तर आपले दोन्ही तळहात उघडून त्यांच्याकडे बघत राहिले, ओळखीचं कुणी फार दिवसांनी भेटावं तसे.

कप्तान वळसा घालून गेला आणि होडी घेऊन आला. शब्दाचा माणूस, ते कबूल केलं पाहिजे. पण बाजार पुढे दिसत होता, ओळखीची दुकानं उघडी होती. त्याने घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "भाऊजी, खरंच डोक्यावर घेऊ?"

मास्तरांनी होडीवरचं पाणी बाहीने टिपलं, ती मेहुण्याच्या डोक्यावर नीट बसवली, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाले, "घे की. पण बोटांनी धरायची नाही हं, तळहातांनी. आणि आता चालून दाखव."