दुसऱ्या गुंडीच्या मापाचा ओटा

आमच्या वडनेरात कोणाच्या घरी काय शिजलं हे दुपारपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक असतं, आणि ज्याच्या घरी काहीच शिजत नाही त्याची चर्चा तर जास्तच होते. दौलतरावाच्या घरी गोपिकाबाई गेल्यापासून काही शिजत नव्हतं. ब्याऐंशी साली पोळा झाला आणि पंधरा दिवसांत तापाचं निमित्त होऊन ती गेली. तेव्हापासून हा माणूस सकाळी कोणी दिलेली भाकर आणि ठेचा खायचा, रात्री उरलेली भाकर आणि उरलेला ठेचा. तसं पाहिलं तर हिंगणघाटच्या बाजारात त्याच्यासारखी वांगी कोणाची नसत. साऱ्या तालुक्यात त्याची वांगी तेलात परतली जात होती, आणि त्याच्या स्वतःच्या चुलीत राख गार पडली होती.

मी बापूराव, त्याचा शेजारी. धंदा शिवणकामाचा. आमच्या दोघांच्या अंगणांच्या मध्ये तुराट्यांचा एक कूड, त्याला नको तितक्या फटी. संध्याकाळी दौलतराव अंगणात बाजेवर बसायचा. आत कोणीतरी दिवा लावेल म्हणून थांबल्यासारखा, अंधार पडला तरी उठायचा नाही. मला वाईट वाटायचं. पण वाईट वाटणं वेगळं आणि उठून त्याच्याजवळ जाऊन बसणं वेगळं. दुसरं मी फार वेळा केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

होळी झाली आणि एक दिवस वांगी घेऊन बाजारात गेलेला माणूस सायकलवर टायल्स घेऊन आला. मागं दोन पोती, आत तणसात गुंडाळलेल्या पांढऱ्याशुभ्र चकचकीत टायल्स, काहींवर निळं फूल. फुटू नयेत म्हणून हिंगणघाटापासून सायकल हातात धरून पायी आला होता. दुसऱ्या दिवशी नत्थू मिस्त्री हजर. गोपिकाबाईची चूल फोडली. तिथं उभ्यानं रांधायचा ओटा आला, स्टो ठेवायला. मागची भिंत तीस वर्षांच्या धुरानं काळी ठिक्कर झाली होती. ती खरवडून तिच्यावर टायल्स बसल्या. भिंतीतलं जुनं लाकडी कपाट दौलतरावानं स्वतः घासलं आणि त्याला पिस्ता रंग दिला. चार दिवस कुडातून टर्पेंटाइनचा वास येत होता.

माझी बायको सुमित्राबाई म्हणाली, "घरात ना बाईमाणूस, ना लेकरू. हे नटवणं कोणासाठी चालू हाय?"

उत्तर नत्थूनं आणलं. माझ्या मशीनजवळ बसून तो सांगू लागला, "ओट्याचं माप कसं असते, बापूराव? जे बाई रांधणार तिले उभं करा लागते. तिच्या कोपराच्या वीतभर खाली ओटा. मी म्हणलं, बाईले बोलवा. त दौलतरावानं आपल्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं. म्हणे, इथवर येते, लाव हिशेब."

झालं. म्हणजे बाई पाहून झाली, जवळ उभी करून मोजूनही झाली, आणि बाई आहे ठेंगणी! गावाला काय, आयतंच कोलीत मिळालं. पाणवठ्यावर, पारावर, जिथं तिथं ठेंगण्या बायकांची मोजदाद सुरू झाली. एका परित्यक्ता बाईला तर लोक वाटेत थांबवून न्याहाळू लागले. मीही हसलो. नुसता हसलो असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात अस्तर आणि रिळं आणायला मी नागपूरला निघालो. एसटी वाटेत जाम गावाला थांबते. तिथं दौलतरावाची एकुलती एक लेक जयवंता नवऱ्यासोबत चहाचं हॉटेल चालवते. मी उतरलो, चहा मागितला आणि मोठी गंमत सांगतो आहे अशा थाटात बोललो, "जयवंता, तयारीत राह्य. तुले नवी आई येऊन राह्यली. ओटा बांधून तयार हाय."

तिनं हातातली किटली खाली ठेवली. "आईले जाऊन वर्ष नाई झालं, काका," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तो चहा मला मिळाला नाही.

अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्याकडं अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, पुरणाचा सयपाक करतात. गोपिकाबाईची ही पहिली घागर. एकुलती लेक येणार, रांधणार, घागर भरणार, हे ठरलेलंच होतं. आठ महिने दौलतराव त्या एका दिवसाकडं डोळे लावून बसला होता. आणि जयवंतानं कंडक्टरच्या हाती निरोप धाडला: मी येणार नाही, माझी वाट पाहू नका.

तो संध्याकाळी कुडाशी आला. "बापूराव, पोरगी काऊन येत नसंल? माह्यं काही चुकलं का? ते नाई आली त तिच्या मायची घागर कोण भरीन?"

माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते त्या दिवशी बंद राहिलं. उलट मीच विचारलं, "ओटा कोणासाठी बांधला, दौलतराव?"

"सयपाकासाठी," तो म्हणाला आणि परत जाऊन बाजेवर बसला. हा माणूसच असा. वांग्यांबद्दल तासभर बोलेल, स्वतःबद्दल चार शब्द नाही.

अखाजीला त्यानं आम्हा नवराबायकोला जेवायला सांगितलं होतं. सुमित्राबाई आंघोळ उरकून येणार होती, मी सकाळीच हातभार लावायला गेलो. दौलतराव ओट्याशी कमरेत वाकून पुरण हाटत होता. मधूनच पाठीवर हात ठेवायचा, पुन्हा वाकायचा. इतक्यात दहाच्या बसनं जयवंता आली. हातात पिशवीसुद्धा नव्हती, म्हणजे राहायला आलीच नव्हती.

"कुठी हाय ते बाई?"

"कोण?" दौलतराव म्हणाला.

"जिच्यासाठी माह्या मायची चूल फोडली ते."

पळी सोडून तो तिच्याकडं वळला. तिकडं पुरण तळाला लागायला आलं. रागावलेली असली तरी बाईच्या जातीला लागतं पुरण पाहवत नाही. तिनं बापाला बाजूला सारलं, पळी हातात घेतली आणि हाटू लागली. थोड्या वेळानं तिचाही हात कमरेवर गेला.

"एवढा बुटका ओटा! मानसानं रांधावं कसं इथं? कोण बाई हाय एवढी ठेंगणी? एवढी ठेंगणी त माह्यी मायच..."

आणि ती थांबली.

तिनं समोर पाहिलं. पांढऱ्या टायल्स, निळी फुलं. बाजूला पिस्ता रंगाचं कपाट. मग बापाकडं वळून तिनं हळू आवाजात विचारलं, "बाबा, आई तुमच्या कोठपर्यंत येत होती?"

दौलतरावानं दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं. बोटाला पुरण होतं, त्याचा पिवळा डाग सदऱ्यावर उमटला.

"वर्ध्याले तिच्या बहिणीकडं असंच हाय," तो म्हणाला. "हेच फुलं, हाच रंग. पाहून आली तवापासून बारा वर्षं म्हणत होती, गुडघे दुखतात, मले उभ्यानं रांधू द्या. मी म्हणो, आपलं काय हॉटेल हाय?"

जयवंता ओट्यावर कपाळ टेकून रडली. मला तिथं उभं राहवेना. मी म्हणालो, पोरी, गावात उठलेली वावडी तुझ्यापर्यंत मीच आणली, चूक माझी. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं.

"काका, मायच्या चोळ्या तुमीच शिवत होते ना?"

पंचवीस वर्षं शिवल्या. गोपिकाबाईचं माप मला झोपेतही सांगता आलं असतं. साऱ्या गावाला एकवेळ नसेल कळलं, पण मला कळायला हवं होतं. मी खाली मान घालून पत्रावळी मांडायला गेलो.

जयवंतानं घागर भरली. टायल्सच्या बाजूला ओट्यावरच ठेवली, वर एक आंबा. आम्ही जेवलो. पाचच्या बसला ती निघाली तेव्हा मीही बापलेकींसोबत फाट्यापर्यंत गेलो. बस दिसू लागली तशी ती म्हणाली, "बाबा, नत्थूले बोलवून ओट्यावर दोन विटा चढवून घ्या. आता तुमालेच रांधा लागते. रोज वाकून वाकून पाठ जाईन तुमची."

दौलतराव रस्त्याकडं पाहत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "ते होती तवा मी कधी वाकलो नाई."