देवश्रीच्या लग्नाच्या गाद्या

अकोल्यात येऊन बिल्कीसला जेमतेम चार महिने झाले होते, अन् शहरातले लोक तिला घरात शिरलेलं पाणी कसं सोसायचं ते शिकवायला लागले होते. म्हणे, सामान वर ठेवत जा. म्हणे, इथं दरसाली असंच असते. अरे, दरसाली असते तर दरसाली मूग गिळून काहून बसता? पाऊस अचलपुरातही धो धो पडतो. पण तिथं तो नालीतून जातो, माणसाच्या चुलीत शिरत नाही.

बिल्कीस अन् तिचा नवरा सरफराज गाद्या भरायचे, पिढीजात पिंजारी. अचलपूरचं दुकान मोडून, रुई पिंजायची मशीन ट्रकात घालून ते या गल्लीत आले. उन्हाळ्यात भाड्याची खोली बरी दिसली. पण रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेलेले, त्यामुळं खोली रस्त्याच्या वीतभर खाली. त्यात शेजारच्या शेखरनं, त्या टाइल्सवाल्यानं, गाडी चढवायला नालीवर सिमेंटचा रॅम्प ओतलेला. नालीचं तोंडच बंद. अख्ख्या गल्लीचं पाणी रॅम्पला अडायचं अन् बिल्कीसच्या उंबऱ्यावरून आत यायचं.

ती त्याला तीनदा सांगून आली. तो हसून म्हणायचा, "भाभी, तुमी नवीन आहा. शहरात थोडं जमवून घ्या लागते." म्हणजे ज्याच्या घरात पाणी, जमवून त्यानंच घ्यायचं! अन् हाच शेखर आपल्या बहिणीच्या, देवश्रीच्या, लग्नाच्या दोन गाद्या बिल्कीसकडंच भरायला टाकून गेला होता. त्यांची चौकशी मात्र रोज.

सरफराज रुई आणायला मूर्तिजापूरला गेला, त्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. पाणी उंबरा ओलांडून आत आलं. मशीनची मोटर खाली जमिनीलगत बसवलेली. बिल्कीसनं आपल्या लहानग्या लेकीला, रुबीनाला, वर फळीवर बसवलं. तिथंच देवश्रीच्या तयार गाद्या होत्या. लग्नाची गादी नवरीघरी जाईपर्यंत जमिनीला टेकू द्यायची नाही, हा तिच्या सासऱ्याचा दंडक. पण रुई भिजली तर वाळते, पुन्हा पिंजता येते. मोटर जळली की भंगार, अन् मग खायचं काय?

तिनं दोन्ही गाद्या खाली ओढल्या अन् एकीवर एक दाबून दारात आडव्या लावल्या. रुईनं पाणी पिऊन घेतलं, गाद्या दगडासारख्या जड झाल्या अन् जागच्या हलेनात. पाणी मोटरच्या खालीच थांबलं. बिल्कीस तिथंच उभी राहून संतापानं रडली. हाताखालचा एकेक टाका तिनंच घातलेला होता.

पाऊस थांबल्यावर शेखर आला. चोराच्या उलट्या बोंबा!

"हे काय करून ठेवलं भाभी? आमी भरोशानं दिल्या होत्या!"

"भेटतीन गाद्या," बिल्कीस म्हणाली. "रुई वाळवीन, परत पिंजीन, खोळ माह्या पदरची. पण वल्या जमिनीवर मी मशीन चालू करत नाही. शॉक लागून मराची हौस नाही मले. अन् तुमचा रॅम्प हाये तोवर जमीन कोरडी होत नाही."

"लग्न पुढच्या आठवड्यात हाये."

"मंग तुमीच पाहा."

तेवढ्यात देवश्री बाहेर आली. चिखलानं माखलेल्या आपल्या गाद्यांकडं तिनं पाहिलं, रॅम्पकडं पाहिलं. ती घरात गेली अन् लोखंडी सब्बल आणून तिनं भावाच्या हातात दिली.

"फोड," ती म्हणाली.

शेखरनं फोडला. तुंबलेलं पाणी खळखळ नालीत गेलं. गल्लीतले लोक जमले, म्हणाले, झ्याक झालं. बिल्कीसला त्यांचाही राग आला. ती दारात बसून गादीचे टाके उसवू लागली. देवश्री शेजारी येऊन बसली, म्हणाली, "भाभी, आता तरी राग सोडा. झालं न काम?"

बिल्कीसनं मान वर केली नाही.

"मागच्या हप्त्यात माही रुबीना वल्या जमिनीवर झोपली, ताई. तवा ही सब्बल तुमच्या घरातच होती न?"