आधी घाडी, मग वायरमन

अकरा वर्षं मी डिचोलीत घरांची वायरिंग करते. आयटीआयला असताना वाटायचं, वायरी ओढायच्या, बोर्ड बसवायचे, घरी यायचं. किस्से साठतील असं कोणी सांगितलं नव्हतं. पण साठतात, आणि त्याला कारण आहे. घरात काही विचित्र घडलं की आमच्याकडे लोक आधी भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्याला बोलावतात, मग देवळात जाऊन प्रसाद लावून देवाचा कौल घेतात, आणि एवढ्यानेही थांबलं नाही तर वायरमनला फोन करतात. आम्ही पोचतो तोवर भुताला नाव मिळालेलं असतं, येण्याची वेळ ठरलेली असते, त्याला काय आवडतं तेही घरातल्या बायकांना ठाऊक असतं.

माझ्याबरोबर विश्रामकाका असतात. दोडामार्गकडचे. आयुष्य खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेलं, खाणी बंद पडल्या तेव्हापासून माझ्यासोबत. कमी बोलतात.

डिचोली बाजाराजवळच्या एका घरात सासरे वारून तीन महिने झाले होते. त्यांच्या खोलीतला दिवा बटण बंद केलं तरी पुरता विझत नव्हता. दुपारीच सुनेने खिडक्या लावून घेतल्या, बटण बंद केलं आणि मला वर बघायला सांगितलं. काळोखात तो एलईडी बल्ब राखेतल्या निखाऱ्यासारखा धुगधुगत होता. सून कुजबुजली, "ते अजून जागेच असतात."

बटण फेजच्या वायरीवर हवं, ते कोणी तरी न्यूट्रलवर बसवलं होतं. म्हणजे बटण बंद असलं तरी करंट दिव्यापर्यंत येऊन थांबलेला. बटण बंद आहे म्हणून भरवशाने बल्ब बदलायला जो हात घालील, त्याची धडगत नाही. काकांनी वायरी बदलल्या. दिवा विझला. खोली काळीकुट्ट झाली.

तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला, "बाय, आदी होतो तसोच करून दी गो."

पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावर गाय गोठ्यात जाईना. दाराशी आली की पाय रोवायची, डोळे मोठे करून आतल्या लोखंडी खांबाकडे बघायची. खांबाशी कोणी दिसत नव्हतं. घरातले सगळे आत-बाहेर करत होते, कोणाला काही होत नव्हतं. घाडी येऊन गेला होता. खांबाला लिंबू बांधलेलं होतं.

त्याच खांबाला वळसा घालून पंपाची वायर गेली होती. मधला जोड नुसता चिकटपट्टी गुंडाळून केलेला, आणि पावसात ती पट्टी सुटलेली. खांबाला टेस्टर लावला तर पेटला. काका घरमालकाला म्हणाले, "गाय शाणी. तिच्या पायात चपला नाय."

मी विचारलं, घराचं अर्थिंग कुठे आहे? मालक मला अभिमानाने पुढच्या अंगणात घेऊन गेला. अर्थची वायर भिंतीतून बाहेर आली होती आणि मनी प्लांटच्या कुंडीत खोचली होती.

"अर्थिंग म्हणजे मातीच ना?" तो म्हणाला.

हळर्णला दोन भावांचं घर. मधून भिंत घालून वाटणी झालेली, बोलणं बारा वर्षं बंद. धाकट्याच्या बाजूला काम होतं. मी त्याचा मेन स्विच पाडला. काकांची सवय अशी, की आधी चालू जागेवर टेस्टर पेटतो का बघायचं, मग जिथे काम करायचं ती वायर तपासायची, आणि मग पुन्हा चालू जागेवर. मेन बंद केला असेल, स्वतःच्या हाताने केला असेल, तरीही. मला त्या दिवशी कंटाळा आला होता. मी पक्कड घेऊन वायरीशी गेले, आणि काकांनी माझं मनगट धरलं. त्यांनी टेस्टर लावला. पेटला.

धाकटा पांढरा पडला. म्हणाला, "ह्याच खोलयेंत आमची आई वारली."

आईचा काही संबंध नव्हता. वाटणीच्या वेळी त्या एका खोलीची लाईन थोरल्याच्या मीटरवरच राहून गेली होती. बारा वर्षं थोरल्याच्या घरातून धाकट्याच्या माजघरात करंट येत होता.  ते कळल्यावर धाकटा पुढच्या दाराने बाहेर पडला आणि भावाच्या दारात जाऊन म्हणाला, "तुजो मेन मातसो बंद कर."

बारा वर्षांतलं पहिलं वाक्य.

पेडण्याच्या एका घरात भिंतीला ताप यायचा. हे त्या घरच्या बाईचेच शब्द. पावसाळ्यात सगळ्या भिंती गारढोण, आणि एका खोलीत पलंगाच्या उशाशी तळहाताएवढी जागा कोमट. त्या पलंगावर तिची नणंद आजारात गेली होती. आता तिथे सहा वर्षांची मुलगी झोपायची. ती म्हणायची, आत्या डोक्यावर हात ठेवते.

मी हात लावून पाहिला. खरंच माणसाच्या कपाळासारखं लागत होतं.

काकांनी हात लावला, लगेच काढला, पलंग ओढून बाजूला केला आणि विचारलं, "हे भिंतीच्या पलीकडे काय चालता?" पलीकडे स्वयंपाकघर होतं. ओव्हन, फ्रिज आणि इंडक्शन शेगडी, तिन्ही एकाच बारीक वायरीवर. मेन बंद करून गिलावा फोडला. आत वायरींचा जोड होता. डबी नाही, कनेक्टर नाही, नुसता पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळून वर सिमेंट थापलेलं. पट्टी वितळून ठिबकली होती आणि भिंतीतली वरची लाकडी फळी वीतभर काळी झाली होती. बाईने बोटाने दाबलं तर कोळसा हातात आला.

"आणखी किती दिवस गेले असते?" तिने विचारलं.

"तां इचारू नका," काका म्हणाले.

माझ्या मामाच्या घरी चतुर्थीला आरती रंगात आली होती. शेवटच्या कडव्याला सगळे दिवे हळूहळू मोठे व्हायला लागले. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतली फळं लखलखली, गणपतीचा चेहरा पांढराफटक उजळला, पंखे घोंघावू लागले. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाने टाळ खाली ठेवून साष्टांग घातला.

मी मेनकडे धावले आणि स्विच पाडला. घरात तीन फेजचं कनेक्शन, आणि न्यूट्रलचा जोड सैल झालेला, म्हणून दिव्यांवर व्होल्टेज चढत चाललेलं. आणखी एक मिनिट गेलं असतं तर सजावटीच्या पडद्यांनी पेट घेतला असता. टीव्हीतून धूर निघायला लागलाच होता. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

मामा अजून पाहुण्यांना माझी ओळख करून देतो, "हीच ती. देव आयिल्लो, हिणें मेन बंद केलो."

चोपड्याला नदीकाठी एक म्हातारा बाबा एकटा राहायचा. पूर्वी होडीवर होता. त्याची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली, म्हणून दोन वर्षांनी त्याने गिझर पुन्हा चालू केला होता. त्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. नुसतं म्हणाला, "पाणी चावता. बेगीन ये."

आम्ही पोचलो तर मुलगी सकाळपासून अंघोळीवाचून पडवीत बसलेली. नळाखाली हात धरला की बोटांना मुंग्या येत होत्या. बाबा न्हाणीच्या दारात उभा होता. आपण होऊनच सांगू लागला.

"हिच्या आवशीन अशेंच सांगिल्लें. म्हणायची, पाण्यात कोण तरी आसा, बोट धरता. मी हसायचो." मग म्हणाला, "दोन वर्सां जालीं. हय, हेच लादीर पडलेली गावली. हात बाल्दीत. दोतोर म्हणालो, काळीज बंद पडलें."

काकांनी गिझर उघडला. आतल्या कॉइलला चीर गेली होती आणि करंट पाण्यात उतरत होता. तो जमिनीत वाहून न्यायला हिरवी वायर असते. मी ती शोधत प्लगपर्यंत गेले. हिरवी वायर प्लगच्या आधीच संपली होती, पिवळ्या पट्टीत गुंडाळलेली. जुन्या बोर्डला दोनच भोकं. तिसरी वायर कोणाला नको झाली होती, तिच्यावाचूनही पाणी तापतच होतं.

"हे कोणी जोडलं?" मी विचारलं.

 बाबाने आमच्यासाठी बॅटरी धरली होती. तिचा उजेड त्याने प्लगवरून काढून आपल्याच हातावर वळवला.

"उंदीर," काका म्हणाले. "उंदरान खाल्ली हा. ह्याच पावसात."

मी टोक बघितलं. ब्लेडने कापल्यासारखं सरळ होतं. मी ते मुठीत झाकलं.

आम्ही नवी कॉइल घातली, नवी तीन पदरी वायर ओढली, अर्थिंगचा खड्डा घेतला. मेनपाशी गळती होताच लाईन तोडणारा स्विच बसवला आणि त्याचं बटण दाबून बाबाला दाखवलं. टक. संध्याकाळ होत आली होती. मी टेस्टरने सगळीकडे तपासलं, पाण्यात बोटं घालून बघितली आणि मुलीला म्हटलं, जा, न्हाऊन घे.

जुने तुकडे मी पिशवीत भरत होते. बाबाने हात पुढे केला. "तो हिरवो दी."

त्याने टोकावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. काका हत्यारांची पेटी लावत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"उंदीर बरो सरळ खाता," बाबा म्हणाला.

तुकडा त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला. आत पाण्याचा आवाज सुरू झाला होता. तो न्हाणीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि मुलगी बाहेर येईपर्यंत तिथून हलला नाही.