मनीची आई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदगावला, शाळेत, चौथीच्या वर्गावर होते. निलेश, तिचा मुलगा, एवढंच म्हणाला, "मावशी, आई उठतच नाहीये..." आणि मागून कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी सातपूरला पोचेपर्यंत तिला खाली घेतलं होतं. दहाव्याला नदीवर, आमच्या गंगेवर, दाजींच्या नात्यातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. "फार सोशिक बाई. कधी कुणाला उलटून बोलली नाही," म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. महिना उलटला तरी तो शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. माझी ताई सोशिक नव्हती. तिला सोसायला लावलं, ही गोष्ट वेगळी.

नव्वदच्या आसपास ती लग्न होऊन सातपूरला आली. दाजी कारखान्यात पाळीवर जायचे. दोन खोल्यांचं घर आणि घरात सासूचा शब्द शेवटचा. पहिली मुलगी मनीषा, आमची मनी. नुकती बोलायला लागलेली. एका उन्हाळ्यात तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. गल्लीतल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "पानी देऊ नको. पोटात गेलं की भडाभडा बाहेर येतंय. पोटाला आराम पायजे." मनी 'पाई, पाई' करत होती, पाण्याला ती पाई म्हणायची. ताईनं वाटी भरून घेतली की सासूबाई ती हातातून काढून घ्यायच्या. रात्रपाळी करून झोपलेल्या दाजींना तिनं हलवून उठवलं. त्यांनी डोळेही नीट उघडले नाहीत. "आई सांगतेय ना? मग तसं कर," म्हणाले आणि कूस बदलली. दुपारी मनी रडायची थांबली. "मला वाटलं, आराम पडला तिला," ताई मला नंतर सांगायची, "रडायला पाणीच उरलं नव्हतं गं तिच्यात..." संध्याकाळी रिक्षानं मोठ्या दवाखान्यात नेलं, तर सलाइनला शीर सापडेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला पाणी का नाही पाजलं?" सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या भिंतीकडे बघत राहिल्या. दाजी बुटांकडे. उत्तर द्यायची पाळी मनीच्या आईवर आली. मनी तिथेच गेली. घरी आल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की देवाची मर्जी. देवाला बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही.

मग निलेश झाला. तो तीनेक वर्षांचा असताना मी डी.एड.साठी ताईकडे राहत होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सकाळी त्यानं दूध ओकलं, पाठोपाठ जुलाब. ताईनं कुणाला न विचारता त्याला खांद्यावर टाकलं आणि थेट मोठा दवाखाना गाठला. तिथं जलसंजीवनीच्या पुड्या मिळाल्या. थोडं थोडं पाजत राहा, संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही किंवा पोर मलूल वाटलं तर लगेच परत आणा, असं सांगितलं. घरी येऊन ती मला घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि आतून कडी घातली. मी पाणी उकळून गार करत होते, ती चमच्यानं पाजत होती. निलेश ओकायचा. ती तोंड पुसायची, जरा थांबायची, पुन्हा चमचा. बाहेरून सासूबाई दार बडवत होत्या. "पानी पाजून मारती का काय? एक घालवली, आता ह्यालाबी घालवायचंय?" चमचा हवेत थांबला. ताई दाराकडे न बघता म्हणाली, "कुणी घालवली ते तुम्हाला माहितीये, आत्या." कधी उलटून बोलली नाही म्हणे...

दुपार सरली. निलेशचे ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. "रिक्षा आण," ती मला म्हणाली, आणि मी कडीकडे वळतेय तोच तिच्या मांडीवर तो मुतला. ताईनं दार उघडलं. चिंब झालेली साडी तशीच, पोर कडेवर. "मुतला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. शेजारची कुणीतरी हसली. ताई हसली नाही. अंधार पडेपर्यंत तिनं ती साडी बदलली नाही.

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा करणारी हीच. घोट गिळवेना, तर ताई चमच्यानं पाणी पाजायची. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "सून लय गुणाची." मनीचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी एकदा विचारलं, "माफ केलंस त्यांना?"

"नाही."

"मग एवढं का करतेस?"

"तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायला मला येत नाही. त्यांना येत होतं."

परवा तिच्या साड्या वाटायला म्हणून मी सातपूरला गेले. भिंतीवर ताईचा हार घातलेला मोठा फोटो. मनीचा एकही फोटो त्या घरात कधी लागला नाही. बघून जीव जळतो म्हणायचे, कुणाचा ते ठाऊक नाही. लोखंडी कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला, रोज साडी काढताना डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, मनी. झबलं, कपाळाला तीट, रागावलेली. खळीनं पक्की चिकटवलेली. दाजी मागून आले. "ते खरवडून निघेल ना? कपाटाला गिऱ्हाईक आलंय," म्हणाले. निलेश दारात उभा होता. आता बापाच्या डोक्याच्याही वर गेलाय तो. पुढे आला, त्या न पाहिलेल्या बहिणीकडे जरा वेळ बघत राहिला, मग त्यानं कपाट लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"कपाट विकायचं नाही, पप्पा," तो म्हणाला.

दाजींनी जाऊन टीव्ही लावला.