सांगून जाणारी आई

माझी आई तापानं गेली तेव्हा मी तीनेक वर्षांची असेन. ती गेली हे मला कुणी सांगितलंच नाही. "गावाला गेलीय, येईल," एवढंच सगळे म्हणायचे. मला मंद्रूप गावी मामाकडं ठेवलं होतं; तिथं ओट्यावर बसून मी रस्त्याकडं बघत राहायची. हळूहळू माझं बोलणंच बंद झालं. पोर मुकी निघाली, असं गावानं ठरवून टाकलं.

पुढं वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला सोलापूरला आणलं. दोघंही गिरणीत कामाला. दिवसभर मी शेजारच्या तेलगू आजींकडं असायची. त्यांच्या घरी हातमाग होता; त्याच्या खटखटीत मी कोपऱ्यात गप्प बसून राहायची.

पहिल्याच सकाळी नवी आई माझ्यासमोर उकिडवी बसली. "मी कामाला जातीय," म्हणाली, "सांजचा भोंगा झाला की येते." मी हातपाय आपटून रडले.

आजी तिला म्हणाल्या, "पोरगी खेळात असली की गुपचूप जायचं. कशाला रडवते?"

"न्हाय आजी. समद्यांनी तिला एकदा फसवलंय. रडली तर रडू दे. मी सांगूनच जाणार."

आणि ती रोज सांगून गेली, रोज परत आली. हळूहळू माझं रडणं थांबलं. मी तिला हाक मारत नव्हते, पण भोंगा झाला की दारात जाऊन उभी राहायची.

एका संध्याकाळी भोंगा झाला, बायकांचे घोळके घराकडं गेले, वडीलही आले. ती मात्र आली नाही. "येईल गं," वडील म्हणाले. मंद्रूपला ऐकलेला तोच शब्द! मी उंबऱ्यावर जी बसले, ती उठलेच नाही. भाकरीला हात लावला नाही.

दिवेलागण होऊन गेल्यावर ती धावतच आली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईला वाटेतच कळा सुरू झाल्या होत्या. तिला टांग्यात घालून ती दवाखान्यात घेऊन गेली होती. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तोच मी तिच्या अंगावर धावले. दोन्ही मुठींनी तिला बडवत ओरडले, "कुटं गेलतीस? आई, कुटं गेलतीस तू?"

वडील हातातला कंदील तसाच धरून उभे राहिले. माझा आवाज ते विसरूनच गेले होते. आईनं माझे हात धरले नाहीत.

"मार, अजून मार," ती रडत, हसत म्हणाली. "निरोप धाडायला पायजे हुता की गं मी. चुकलंच माझं."

त्या रात्री मी तिच्या कुशीत झोपले. दुसऱ्या दिवसापासून अशी बोलत सुटले, की आजी कानावर हात ठेवायच्या. त्यांच्याकडून मी तेलगूही उचललं. शाळेत पाठ म्हणायला सगळ्यांत आधी माझाच हात वर असे.

मोठी झाल्यावर मास्तरीण व्हायला मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. आमच्या आळीतून एवढ्या लांब एकटी गेलेली मी पहिलीच मुलगी. तिथं पहिल्या रात्री बरोबरच्या मुली घराच्या आठवणीनं मुसमुसत होत्या. मी मात्र आईला 'सुट्टीत येते' असं सांगून आले होते; मला गाढ झोप लागली.