वजा एकशे चौदा

सोमराजू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, मला बावा म्हणजे भावोजी म्हणायचा. तीस वर्षं लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर चढला आणि निवृत्त झाल्यावर हॅम रेडिओच्या नादी लागला. लॅपटॉपला अंगठ्याएवढा रिसीव्हर जोडायचा, चिंचेवरून तार ताणायची आणि पडद्यावरच्या एका आकड्याकडे टक लावून बसायचं. हा आकडा म्हणजे गोंगाट. कोणी बोलत नसतानाही तारेत जी खरखर येते, ती. वजा जितका मोठा, तितकी शांतता.

आमच्या पेद्दरेवूत तो आकडा वजा नव्वदच्या खाली कधी गेलाच नाही. मग हा शहाणा घरोघर हिंडायचा. "वहिनी, तो बल्ब काढ गं, कान किटले माझे." टोपल्या विणणाऱ्या मंगम्माशी तर त्याचं वर्षभर भांडण. तिला सरकारातून मिळालेला सोलर दिवा उन्हात चार्ज व्हायला लागला की याच्या रेडिओत करकर सुरू. "मेल्या, तुझ्या कानात बोळे घाल," ती म्हणायची, "मी अंधारात मरू का?" मीही एकदा चिडून बोललो, "गाव ओस पडलं की मिळेल हो तुला शांतता!" जीभ झडो माझी.

गाव ओस पडलंच. धरणाचे दरवाजे शुक्रवारी दुपारी बंद व्हायचे होते. मग गोदावरी मागे फुगणार आणि पेद्दरेवू पाण्याखाली जाणार. सोमवारी शेवटचे ट्रॅक्टर निघाले. मंगम्मा चढेचना. नवऱ्याला इथं पुरलंय, त्याला एकटा सोडून कुठं जाऊ, म्हणून रडत होती. पुतण्याने तिला उचलून बसवली. सगळे गेल्याची यादीवर सही झाली, वीज तोडली, मोबाइलचा टॉवरही बंद झाला. टेकडीवरच्या शाळेत बॅटरी घेऊन सोमराजू आणि मी, दोघंच राहिलो. शुक्रवारी सकाळी त्याने रेडिओवरून मंडल कचेरीला सांगायचं, गावात कोणी नाही. त्यानंतर दरवाजे पडणार. कोणी मागे राहिलं तर बुडणार, इतकं सरळ होतं ते.

वीज गेली तसा आकडा घसरला. वजा एकशे चौदा! सोमराजूच्या डोळ्यांत पाणी आलं. "बावा, आयुष्यात एवढी शांतता ऐकली नाही रे." मला आपली ती भेसूर वाटली.

मंगळवारी हा ओरडतच उठला. "एकशे सात! सातने चढलाय! खाली काहीतरी चालू आहे, कोणीतरी राहिलंय!" कचेरीने सहा पोरं पाठवली. भर उन्हात, गुडघाभर चिखलात आम्ही घरन् घर पाहिलं. एक कुत्रं सापडलं. परत येऊन पाहतो तर याच्याच हातून फिल्टर सरकलेला. फिल्टर म्हणजे खिडकी. ती पाचपट रुंद उघडली की तेवढाच जास्त गोंगाट आत येतो आणि आकडा बरोबर सातने चढतो. म्हणजे आकडा वाचायच्या आधी खिडकी किती उघडी आहे ते बघायचं, हा पहिला धडा. आणि तोच हा विसरला! पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. "तीस वर्षं खांबावर चढलास, डोकं वरच विसरून आलास काय?" नाचणीच्या आंबलीचं भांडं त्याने तोंड न लावता तसंच ठेवलं.

गुरुवारी ऊन चढल्यावर तो हळूच म्हणाला, "बावा, एकशे सात आहे."

"परत खिडकी उघडी टाकलीस?" मी म्हटलं. "आता कुणाला चिखलात धाडशील तर बघ. माझे पाय अजून दुखतायत."

त्याने पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लॅपटॉप मिटला. संध्याकाळी उघडला तेव्हा आकडा एकशे चौदावर आला होता. "बघ, झाला ना नीट?" मी म्हटलं. तो हो म्हणाला.

शुक्रवारी उजाडताच, ऊन यायच्या आधी, त्याने कचेरीला सांगितलं, "पेद्दरेवू रिकामं आहे."

मंगम्मा रविवारी सापडली. बुधवारी पुतण्याच्या घरून निघून ती अकरा कोस चालत आली होती. टेकडीखालच्या तिच्या झोपडीला पुढून कुलूप तसंच होतं, मागची ताटी सारून ती आत शिरली होती. पाणी चढलं तशी माळ्यावर चढली असणार. नावाड्याने छप्पर फाडून तिला बाहेर काढलं. सोलर दिव्याची वायर तिच्या मनगटाला गुंडाळलेली होती.

आम्ही तिला टेकडीवर पुरलं. नवरा खाली पाण्यात आणि ती वर. माती लोटून झाल्यावर मी सोमराजूच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "अरे, यंत्रच ते. आधी एकदा फसवलं होतं, तुला तरी कसं कळणार?"

त्याने माझा हात काढला.

"गुरुवारी मी पाहिलं होतं बावा. खिडकी अरुंदच होती. आकडा खरा होता."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"तू पुन्हा हसला असतास," तो म्हणाला.