अक्काची नवी झडप

आमच्या गल्लीतलं एक माणूस दवाखान्यात गेलं की निम्मी गल्ली सोबत जाते, आणि येताना जो तो एकेक किस्सा घेऊन येतो. शेजारच्या दूधवाल्या अक्काच्या वेळचे तर माझ्याकडं इतके साठलेत, की चहा गार होतो पण किस्से सरत नाहीत.

चार पायऱ्या चढल्या तरी अक्काला धाप लागायची. डॉक्टरकडं नेलं, सोबत अर्थात मी. त्यांनी छातीला नळी लावली, डोळे मिटले आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

आलता की! शाळेत असतानाचा ताप त्या माणसाला आज ऐकू आला!

मग इको. पडद्यावर अक्काचं काळीज धडधडताना दिसत होतं. त्या तापानंच हृदयातली एक झडप जाड झालीय, पुरती उघडत नाही, असं डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. अक्का म्हणाली, "दारागत अडकतीया व्हय? मग जरा तेल घाला की."

झडप बदलली नाही तर जिवाला धोका होता. एक धातूची मिळते, एक जनावराच्या काळजावरच्या पडद्याची. अक्कानं लगेच विचारलं, "म्हशीची हाय?" डॉक्टर चष्मा पुसत बसले. शेवटी वय बघून धातूची ठरली, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर.

ऑपरेशनमध्ये तिचं हृदय थांबवलं होतं, काम मशीन करत होतं. ती सावरल्यावर मीच तिला हे सांगितलं. ती छताकडं बघायला लागली.

"मग तेवढा येळ मी कुठं हुतो गं?"



इकडं घरी रतन म्हैस अक्काशिवाय कुणाला पान्हा सोडेना. अक्काचे मालक, आण्णा, तिचं लुगडं नेसून धारेला बसले. रतननं वास घेतला आणि बादली लाथाडली. गल्ली हसली. आण्णा पदरानं डोळे पुसत म्हणाले, "हिला बी कळतंय, ती घरात न्हाय ते."

अक्का घरी आली. छातीचं हाड जुळेपर्यंत धार काढायची नाही, अशी ताकीद. तरी पहिल्या सकाळी गोठ्यात गेलीच. आण्णा रतनखाली बादली ठेवून धारेला बसतच होते. रतननं तिचा हात हुंगला. औषधांचा वास आला असावा, म्हैस मागं सरली. अक्काचं तोंड उतरलं. ती हळूच पुढं झाली आणि रतनच्या मानेला टेकली.

गोठा शांत. अक्काच्या छातीतली झडप घड्याळागत टिकटिकत होती, मला दारातून ऐकू येत होती. रतननं कान वळवला. तशीच उभी राहिली.

आणि खाली बादलीत थेंब वाजायला लागले. आण्णांनी अजून कासेला हातसुद्धा लावला नव्हता.